चहाची नोंद जपून ठेवा : सरकारने हक्क मोडला तर भरपाई कशी मागायची

चोपडा तालुक्यात केळीच्या मळ्यावर कामाला असलेला एक जण दोनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. तक्रार भरपूर होती, कागद एकच. पोलिसांनी त्याला शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास घरून उचललं होतं. कागदावर अटक शनिवारी संध्याकाळी साडेसहाची. रविवारी दुपारी चारला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं, म्हणजे कागदाच्या हिशेबाने साडेएकवीस तास. सगळं नियमात. वर अटकेच्या फॉर्मवर याचीच सही. मी विचारलं, वेळ चुकीची लिहिलीय हे दिसलं नाही का? तर म्हणाला, "साहेब म्हने सही कर, मी करी दिधी."

बायको सोबत होती. इतका वेळ ती मोबाइल चाळत बसली होती. मग तिने फोन माझ्यापुढे धरला. शनिवारी सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी, पोलीस ठाण्यासमोरच्या टपरीवाल्याला फोनपेवरून वीस रुपये. ती दिरासोबत डबा घेऊन गेली होती, आत सोडेनात, म्हणून दोघांनी बाहेर चहा घेतला. नवरा आत नसेल तर ही बाई डबा घेऊन सकाळी सातला तिथे काय करत होती, याचं उत्तर आता ठाण्याला द्यावं लागणार होतं.

मी वकील नाही. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे स्वयंसेवक म्हणून काम करतो. लोकांना कुठल्या दारात जायचं, काय घेऊन जायचं ते सांगतो. हा लेख त्याच कामातून आलाय. सरकारने, म्हणजे पोलीस, तुरुंग, महसूल, नगरपालिका यांपैकी कुणी, राज्यघटनेने दिलेला हक्क मोडला, तर पैशाच्या रूपात भरपाई मिळू शकते. पण ती मिळणार की नाही हे बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच ठरतं, कोर्टाची पायरी चढायच्या कितीतरी आधी.

आधी बघा, हे प्रकरण त्यात बसतं का

सरकारी कामातली प्रत्येक चूक म्हणजे हक्कभंग नव्हे. सातबाऱ्यावरची नोंद रखडली, अनुदान आलं नाही, तलाठी भेटत नाही, यासाठी वेगळे रस्ते आहेत. इथे मुख्यतः घटनेची तीन कलमं लागतात. कलम २१ : जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य. कलम २२ : अटकेचं कारण सांगणं, वकील भेटू देणं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेणं. आणि कलम ३००अ : कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही.

आपल्याकडे नेहमी दिसणारे प्रकार सांगतो. कोठडीत मारहाण किंवा मृत्यू. कागदावर न दाखवता ठाण्यात बसवून ठेवणं. जामीन झाला तरी तुरुंगातून न सोडणं. आणि नावाच्या घोळात भलत्यालाच धरणं. हा शेवटचा प्रकार खान्देशात होणारच. एकेका गावात चार सुनील पाटील, सातपुड्यातल्या एका पाड्यावर सहा पावरा आदिवासी एकाच नावाचे. वॉरंटवर बापाचं नाव नीट नसलं की हाताला लागेल त्याला गाडीत घालतात.

शेजाऱ्याने किंवा सावकाराने त्रास दिला, तर तो फौजदारी मामला. त्यात हा रस्ता नाही. खोट्या फिर्यादीमुळे विनाकारण अटक झाली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ खाली भरपाई आहे, पण ती अटक घडवून आणणाऱ्याकडून, आणि जास्तीत जास्त एक हजार रुपये. तेवढ्यात दोन माणसांचं उच्च न्यायालयासाठी संभाजीनगरचं जाणं-येणं आणि जेवणसुद्धा निघत नाही.

हा हक्क आला कुठून

हे माहीत असलेलं बरं, कारण "सरकारकडून कुठे पैसे मिळतात का?" असं सगळ्यात आधी घरातलेच म्हणतात.

घटनेत "भरपाई द्या" असं कुठे लिहिलेलं नाही. न्यायालयाने ते कलम ३२ आणि २२६ मधून, म्हणजे हक्कासाठी थेट सर्वोच्च आणि उच्च न्यायालयात जाण्याच्या कलमांतून काढलं. बिहारचा रुदल साह १९६८ मध्ये निर्दोष सुटला, पण तुरुंगातून बाहेर आला १९८२ मध्ये. चौदा वर्षं जास्तीची. १९८३ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने आधीचे ५,००० धरून त्याला ३५,००० रुपये देवविले. आज रक्कम किरकोळ वाटते, पण दार तिथे उघडलं. मग १९८५ मध्ये जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना बेकायदा अडकवून ठेवल्याबद्दल ५०,००० मिळाले.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते ओडिशाच्या नीलाबती बेहेरा यांचं प्रकरण. बावीस वर्षांचा मुलगा पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर मृत सापडला. आईने १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. ते पत्रच याचिका मानलं गेलं आणि १९९३ मध्ये दीड लाखाचा आदेश झाला. त्याच निकालात न्यायालयाने सांगितलं की मूलभूत हक्काच्या प्रश्नात "सार्वभौम सरकारवर दावा चालत नाही" ही ढाल सरकारला वापरता येणार नाही. ही ढाल १९६५ च्या कस्तुरीलाल निकालातली. त्यात मेरठच्या पोलिसांनी जप्त केलेलं सोनं हवालदाराने पळवलं आणि सराफाला त्याची भरपाई मिळाली नाही.

पुढे रकमा वाढल्या. पुण्याच्या एका महिला डॉक्टरला आणि त्यांच्या वकील आईला मध्य प्रदेश पोलिसांनी नियम धाब्यावर बसवून अटक केली, रेल्वेने भोपाळला नेलं. २०१६ मध्ये दोघींना प्रत्येकी पाच लाख. शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये पन्नास लाख. २०२५ मध्ये गाझियाबादच्या तुरुंगाने जामीन आदेशात एका पोटकलमाचा उल्लेख राहून गेला म्हणून कैद्याला जवळपास महिनाभर सोडलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने पाच लाख अंतरिम भरपाई द्यायला लावली.

हे वाचून हुरळून जाऊ नका. २००६ च्या सुबेसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय की प्रत्येक तक्रारीला भरपाई नाही. भंग उघड आणि निर्विवाद हवा, गंभीर हवा. मारहाणीचा आरोप असेल तर मृत्यू, वैद्यकीय अहवाल, व्रण किंवा अपंगत्व यांचा आधार हवा. म्हणजे गाडं पुन्हा कागदापाशीच येतं.

पहिला आठवडा : वेळ लिहा

माणूस उचलला गेला की घरातल्या ज्याला लिहिता येतं त्याने वही काढायची. शाळेची वही चालेल. किती वाजता गाडी आली, गाडीचा नंबर, किती जण, कोण गणवेशात होतं, कुणी काय सांगितलं, कुठे नेलं. दर वेळी ठाण्यात गेलात की तारीख आणि वेळ. नंतर आठवून लिहिलेलं आणि त्या दिवशी लिहिलेलं यांतला फरक शाईवरूनही कळतो.

शिवाय ठाण्यापाशी आपण होतो याच्या खुणा गोळा करा. एसटीचं तिकीट, मोबाइलवरचा फोटो, भाच्याला पाठवलेला "अजून आत आहे" हा मेसेज, चहाचे पैसे. यांतलं काही पुसू नका, फोन विकू नका. असा पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतो. पण मूळ फोनच नसला की वकिलाचेही हात बांधले जातात.

अटकेचा फॉर्म पुढे आला की त्यावरची वेळ वाचायची. चुकीची असेल तर सहीच्या शेजारी खरी वेळ लिहायची : "मला शुक्रवारी रात्री १० वाजता आणले." लिहू दिलं नाही, तर आठवणीत ठेवायचं आणि पुढच्या ठिकाणी बोलायचं.

पुढचं ठिकाण म्हणजे न्यायदंडाधिकारी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. रिमांडच्या वेळी, म्हणजे कोठडी द्यायची का हे ठरवताना, साहेब आरोपीला विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" मागे तोच हवालदार उभा असतो ज्याच्याबरोबर परत जायचंय. माणूस म्हणतो, "नाही साहेब." आदेशात ओळ पडते : आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही. सहा महिन्यांनी तुम्ही उच्च न्यायालयात जाता, तेव्हा सरकारी वकील एवढी एकच ओळ वाचून दाखवतो. मी अशा ओळीपुढे पाठीवरचे वळ फिके पडलेले पाहिलेत. म्हणून भीती वाटली तरी एक वाक्य बोलायचंच : "साहेब, मला शुक्रवारी रात्री आणलं, आणि मला मारलं." मोठ्याने. आणि "माझी तपासणी करायला सांगा." तारखेला घरचे हजर असले तर माणसाला धीर येतो, म्हणून कुणीतरी जा. तारखेचं कळलंच नाही असं होऊ नये म्हणून ठाणे अंमलदाराला विचारत राहा.

तपासणीचं आणखी एक. अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी करणं कायद्याने बंधनकारक आहे, पण सिव्हिलला किंवा ग्रामीण रुग्णालयात पोलिसांच्या यादीवर (तपासणीच्या पत्रावर) नेतात तेव्हा डॉक्टरने विचारायच्या आत पोलीसच "काही नाही, नॉर्मल" म्हणून टाकतो. डॉक्टरांना स्वतः दाखवा कुठे दुखतंय. सुटल्यावर त्याच दिवशी पुन्हा सरकारी दवाखान्यात जाऊन केस पेपर काढा. खासगी डॉक्टरचाही चालतो, पण सरकारी कागदाला वजन जास्त. फोटो काढताना शेजारी त्या दिवशीचा पेपर ठेवा.

आणि सीसीटीव्ही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीरसिंग सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण अठरा महिने जपायला सांगितलंय. यंत्राची तेवढी ताकद नसली तरी एका वर्षाच्या आत ते पुसता येत नाही. तरी "हार्ड डिस्क खराब होती" हे उत्तर यायचं तेव्हा येतंच. म्हणून पहिल्या आठवड्यातच पोलीस अधीक्षकांच्या नावाने साधा अर्ज : अमुक तारखेच्या या वेळेपासून त्या वेळेपर्यंतचं, मुख्य दरवाजा, ठाणे अंमलदाराची खोली आणि लॉकअपचं चित्रण जपून ठेवावं. अर्जाची पोच घ्या, आवक नंबरासकट. आवक टेबलवर घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. पावती मिळाली की पुढे चित्रण पुसलं गेलं तरी त्याचा जाब त्यांना द्यावा लागतो.

माहिती अधिकाराचा अर्जही याच सुमारास टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाही. मागायचं काय? त्या दोन दिवसांची स्टेशन डायरी, लॉकअप रजिस्टर, ठाण्याच्या गाडीचं लॉगबुक. गाडीचं लॉगबुक मागायला लोक विसरतात. डायरी नंतर लिहिता येते, पण गाडीचे किलोमीटर आणि डिझेल जुळवणं अवघड. माणूस अजून आत असेल तर अर्जावर स्पष्ट लिहा की हा जीवित आणि स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. मग उत्तराची मुदत तीस दिवसांवरून ४८ तासांवर येते. तपासाचं कारण देऊन नाकारतील, तेव्हा तीस दिवसांत पहिलं अपील.

कुठल्या दारात जायचं

दारं तीन आहेत, आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं.

राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे. मराठीत अर्ज चालतो, फी नाही, वकील लागत नाही. घटनेपासून एका वर्षाच्या आत अर्ज हवा. नंतर आयोग हात लावत नाही. आयोग चौकशी करून सरकारला भरपाईची शिफारस करतो. शिफारस हा शब्द नीट ऐका. पैसे मिळतात, पण पाठपुरावा लागतो. आणि तोच विषय आधीच दुसऱ्या आयोगापुढे असेल तर इथे घेत नाहीत, म्हणून दिल्ली-मुंबई एकदम अर्ज पाठवायची हौस करू नका.

उच्च न्यायालयातली रिट याचिका, म्हणजे सरकारने हक्क मोडल्याची थेट तक्रार, हे खरं वजनदार दार. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाखाली येतात. आपल्या अंगवळणी नाशिक पडलंय, विभागाची सगळी कार्यालयं तिथे म्हणून. पण नाशिकचे लोक मुंबईला जातात आणि आपण अजिंठ्याच्या नाहीतर कन्नडच्या घाटाने संभाजीनगरला. धडगावच्या माणसाला एक मुक्काम ठरलेलाच. रिटला ठरावीक मुदत नाही, मात्र उशीर झाला तर का झाला हे पटवावं लागतं. थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, पण बहुधा "आधी उच्च न्यायालयात जा" असंच ऐकावं लागतं. रिटमध्ये साक्षीपुरावे, उलटतपासणी सहसा होत नाही. तुम्ही म्हणता मारलं, ते म्हणतात पडला, आणि कागद काहीच सांगत नाही, असं झालं की न्यायालय दिवाणी दावा करा म्हणून वाट दाखवतं.

दिवाणी दावा हे तिसरं दार. वरिष्ठ स्तर न्यायालयात. मागाल त्या रकमेवर कोर्ट फी, आणि वर्षं मोजायची नाहीत. त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, कलेक्टरला किंवा सचिवाला. बेकायदा कैदेचा दावा सुटकेपासून एका वर्षात, खोट्या खटल्याचा दावा निर्दोष सुटल्यापासून एका वर्षात. यात एक सापळा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये पोलिसाने कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दलच्या दाव्याला फक्त सहा महिने दिलेत. "वर्ष आहे ना" म्हणत बसलेली माणसं यात अडकतात. दाव्याचा विचार असेल तर पहिल्याच महिन्यात वकिलाला गाठा.

माझं मत विचाराल तर कागद भक्कम असेल तर रिट, कागद कच्चा पण घटना खरी असेल तर आधी आयोग. आयोगाच्या चौकशीत पोलिसांकडून जे उत्तर लेखी येतं, तेच पुढे कामाला येतं.

वकील, पैसे आणि मधले लोक

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. फोन १५१००. खंडपीठासाठी तिथेच उच्च न्यायालयाची उपसमिती आहे, अर्ज इथून पाठवता येतो. मोफत वकील म्हणजे हलका वकील हा समज सोडा, मात्र फोन तुम्हीच करत राहा.

"मिळतील त्यातले तीस टक्के द्या" असं कुणी म्हणालं तर उठून या. वकिलाला भरपाईतला हिस्सा फी म्हणून घ्यायला बार कौन्सिलच्या नियमाने मनाई आहे. आणि असं म्हणणारा बऱ्याचदा वकील नसतोच.

याचिकेत काय असावं

उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं आणि मराठी कागदांची भाषांतरं लागतात, म्हणून मसुदा वकीलच करणार. पण त्याला द्यायची तारीखवार यादी तुम्हीच करा, एका पानात. डावीकडे तारीख-वेळ, मधे काय घडलं, उजवीकडे कुठला कागद. ज्या ओळीला कागद नाही तिथे साक्षीदाराचं नाव. वाढवून लिहू नका. दोन थपडा मारल्या असतील तर दोनच लिहा; एक गोष्ट खोटी निघाली की उरलेल्या दहा खऱ्या गोष्टींवरही पाणी पडतं.

प्रतिवादी म्हणून राज्य सरकार, अधीक्षक आणि संबंधित अधिकारी. मागणीत रक्कम स्पष्ट लिहा आणि ती कशी काढली तेही : बुडालेली मजुरी, दवाखाना, प्रवास, आणि अपमान-यातनांचे वेगळे. पैसे आधी सरकारने द्यावेत आणि मग दोषी अधिकाऱ्याकडून वसूल करावेत, अशी विनंती घाला. रिटमध्ये रक्कम मिळाली म्हणून दिवाणी दावा बंद होत नाही. तिथे जास्त मिळाले तर ही वजा होते.

कोठडीत मृत्यू झाला असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. दंडाधिकाऱ्यांची चौकशी, चित्रीकरणासह शवविच्छेदन, चोवीस तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवणं, हे सगळं घड्याळावर चालतं. अंत्यविधीची घाई कुणी करत असेल तर का, ते विचारा.

जमीन आणि खड्डे

मोबदल्याचं नाव काढलं की धुळ्याकडे अजून विखरणचे धर्मा पाटील आठवतात. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतलं. त्यांचं भांडण संपादनाच्या रकमेचं होतं आणि त्याला संपादन कायद्याचा रस्ता आहे. पण संपादनच न करता शेतातून रस्ता किंवा चारी काढली असेल तर तो कलम ३००अ चा भंग. विद्यादेवी प्रकरणात हिमाचल सरकारने १९६७ मध्ये अशीच जमीन घेतली होती. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई द्यायला लावली आणि सरकारला कब्जेवहिवाटीने, म्हणजे वर्षानुवर्षं कब्जा आहे म्हणून, मालक होता येणार नाही, असंही सांगितलं. तेव्हा "आता चाळीस वर्षं झाली" म्हणून गप्प बसू नका. जुने सातबारे आणि मोजणी नकाशे काढा.

खड्ड्यांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मृत्यूला सहा लाख आणि दुखापतीला पन्नास हजार ते अडीच लाख असा दर ठरवून दिलाय. अर्ज महापालिका किंवा नगरपालिका आणि विधी सेवा प्राधिकरण यांच्या समितीकडे. अपघाताच्या जागेचा फोटो त्याच दिवशी काढा, दुसऱ्या दिवशी तिथे मुरूम पडलेला असतो.

आदेश झाल्यावर

आदेशाची प्रमाणित प्रत काढून स्वतः खात्याला पोचती करा, पोच घ्या. मुदत उलटली की अवमान याचिका, तीही वर्षाच्या आत. पैसे खात्यात येतात, म्हणून खातं चालू आहे ना आणि आधारशी नाव जुळतंय ना ते आधीच बघा. कागदावर "पावरा" आणि बँकेत "पावारा" एवढ्यावरून धनादेश परत गेलेला मी पाहिलाय.

त्या चोपड्याच्या जोडप्याची याचिका अजून खंडपीठात आहे. मागच्या तारखेला भेटले तेव्हा बाईच्या हातात नवा फोन होता. जुन्याची काच फुटलीय, पण तो तिने कपाटात पत्र्याच्या डब्यात ठेवलाय आणि दर रविवारी चार्जिंगला लावते.